कुडाच्या भिंतीवर चढणारा हात

आईचा उजवा हात वर जात नाही हे मला तिने सांगितलं नाही. मला ते केसांवरून कळलं. नवरात्राच्या थोडं आधी एका सकाळी मी सायवनच्या बैठकीला निघाले होते, आणि ओट्यावर माझी काकी आईची वेणी घालत होती. माझ्या आईने आयुष्यात कुणाला आपल्या केसांना हात लावू दिलेला नाही. तोंडात दोरा धरून दोन्ही हातांनी झटक्यात अंबाडा वळणारी बाई ती. ती मान खाली घालून बसली होती.

"काय गं, कुणाच्या लग्नाला?" मी म्हटलं.

"तुझा बाप वापीत दुसरी बघतोय, म्हणून मीच नटून ठेवते," आई म्हणाली.

काकी हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि आईचं उजवं कोपर खालून हळूच वर ढकललं. हात छातीपर्यंत आला आणि अडकला. आईने खालचा ओठ दातात धरला.

"दाखवलंस ना? झालं समाधान?" ती काकीवर खेकसली.

आमचा पाडा आशागडपासून आत आहे, बाप वापीला कामाला असतो. आई आणि काकी, दोघी जावा, चिकूच्या वाडीत तोडणीला जातात. चिकू हाताने तोडतात ते खालच्या फांद्यांचे. वरचे बेडणीने काढतात. बेडणी म्हणजे लांब बांबू, टोकाला खुडायला आकडा आणि फळ पडायला जाळी. मान मागे टाकायची, बांबू वर धरायचा, देठ अचूक पकडायचा, खुडायचं, आणि भरलेली जाळी हिसका न बसू देता खाली आणायची. फळ आपटलं तर मुकादम ओरडतो. दिवसभर हेच. माझी आई हे मी जन्मायच्या आधीपासून करते आहे. तिच्या बोटांना चिकूचा चीक बसलाय, तो साबणाने जात नाही.

थंडीतला बहर मोठा असतो, आणि त्याच्या आधी, दिवाळी झाली की, आमच्या वाडीचा मुकादम बायकांना एका झाडाखाली उभं करतो. प्रत्येकीने बेडणी शेंड्याला लावून दाखवायची. लागली ती बहरभर कामाला. नाही लागली ती घरी. पावसाळ्यात वाडीला काम नसतं, बहरावरच वर्ष निघतं. तर आईकडे दिवाळीपर्यंतचा वेळ होता आणि तिचा हात छातीपाशी अडकत होता. एवढंच होतं सगळं. बाकी जे काही मी पुढे सांगणार आहे ते या दोन गोष्टींच्या मध्ये घडलं.

मी एका संघटनेचं काम करते. काम म्हणजे मुख्यतः पत्रकं. सायवनपासून उधव्यापर्यंत जीपच्या मागच्या फळीवर बसून मी पत्रकांचे गठ्ठे नेते, वाटते, वाचून दाखवते, आणि गेली काही वर्षं ती लिहितेही. वनपट्टे, रोजगार हमी, पाणी, दवाखाना. पत्रक लिहायला मला ज्यांनी शिकवलं त्यांनी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवली होती : वाचणाऱ्याला विनंती करायची नाही, त्याला उठवायचं. "उठा", "जाब विचारा", "मागे हटू नका". मला ते जमलं. जरा जास्तच जमलं.

योग दिनाच्या वेळी आम्ही काढलेलं एक पत्रक माझंच होतं. त्याची पहिली ओळ अशी : "दवाखान्यात डॉक्टर नाही, नळाला पाणी नाही, आणि सरकार म्हणतं आसनं करा! रिकाम्या पोटी शवासन आम्ही रोजच करतो." लोक हसले होते, टाळ्या पडल्या होत्या. मला अजूनही ते पत्रक चुकीचं वाटत नाही. फक्त त्याचे उरलेले पन्नासेक कागद माझ्या झोळीत होते, आणि ती झोळी खांद्याला लावून मी आईला डहाणूला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, आणि वाईट नव्हता. त्याने आईचा हात सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

"खांदा आखडलाय. गोळ्यांनी फार होणार नाही. शेकायचं, आणि व्यायाम. फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा यायला जमेल?"

"तीनदा मी इथं आले तर वाडीत कोण जाईल, तू जाशील?" आई म्हणाली.

"मावशी, मी गेलो तर चिकू झाडालाच पिकतील." तो हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "घरीच करून घ्या मग. योगा करा. सावकाश, रोज. काही महिने लागतील."

योगा करा! माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, "महिने नाहीत आमच्याकडे. आणि योगा करायला ज्यांच्याकडे वेळ आहे ना, त्यांचे खांदे आखडत नाहीत." बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. आईने मला दंडाला धरून बाहेर काढलं, डाव्या हाताने.

"त्या पोराने काय केलं तुझं?" ती म्हणाली. त्याने काहीच केलं नव्हतं. पण राग होता. आणि राग असला की मला वाटतं आपण काहीतरी करतो आहोत.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परत डहाणूला गेले. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानाच्या माडीवर योगाचा वर्ग चालतो, हे मी येता-जाता पाटीवर वाचलं होतं. सकाळची वेळ होती. बायका वळकटी केलेल्या रंगीत मॅट काखेत घेऊन जिना उतरत होत्या, खाली त्यांच्या स्कूटर लावलेल्या होत्या. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, गुजराती वळणाचं मराठी बोलणाऱ्या. मी फी विचारली. त्यांनी सांगितली. ती आमच्या घरात कुठल्याच महिन्यात बसण्यासारखी नव्हती.

"आणि मॅट आणायची," त्या म्हणाल्या. "नाहीतर पाय घसरते."

"आमच्याकडे माणसं घसरतच जगतात," मी म्हटलं. "गरिबाच्या खांद्याला तुमच्या वर्गात जागा नाही, असं पाटीवरच लिहून टाका ना. म्हणजे आम्ही जिना चढणार नाही."

खिडकीतून खारा वारा येत होता. मग त्यांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"झालं भाषण? आता सांग बेटा, हात कोणाचा दुखते?"

मी सांगितलं. सगळं नाही, हात कुठे अडकतो तेवढं. त्यांनी मला भिंतीपाशी उभं केलं. "बघ. भिंतीला तोंड. बोटं अशी ठेवायची, मुंगी चढते तशी चढवायची. पोचली तिथं पोचली. दुखायला लागलं की तिथंच थांब, श्वास सोड लांब, आणि उतर. परत. खांदा कानाकडे नाय न्यायचा. दुसरा हात मदत नाय करायचा." मग एक दोरीचा प्रकार दाखवला, दाराच्या वरून दोरी टाकून चांगल्या हाताने आखडलेला हात हलकेच वर घ्यायचा. तो मात्र महिन्यानंतरच, असं त्यांनी दोनदा बजावलं. "आणि मोजू नको."

"मोजलं नाही तर सुधारतंय हे कळणार कसं?"

"हात सांगेल."

हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही. हात सांगेल! हात काय सांगणार? हात इतकी वर्षं सांगतच होता, कुणी ऐकलं? फी न घेता त्यांनी मला अर्धा तास दिला होता, आणि जिना उतरताना मी मनात त्यांच्यावरच पत्रक लिहीत होते.

घरी आल्यावर मी खरंच पत्रक लिहिलं. आमच्याच जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर, मार्करने, मोठ्या अक्षरात. "बोटं चढवा! थांबू नका! रोज एक बोट पुढे! सकाळी वीस, संध्याकाळी वीस!" आईला जोडून अक्षर वाचता येतं, पण सावकाश. म्हणून मी ते खांबाला चिकटवलं आणि रोज मोठ्याने वाचायचं ठरवलं.

भिंतीचा प्रश्न आधी सोडवावा लागला. आमच्या घराचा पुढचा भाग घरकुलातला, विटांचा, पण प्लास्टर राहिलेलं. त्यावर बोटं चढवली की सोलतात. मागची चुलीची खोली जुनी, कुडाची, कारवीच्या काठ्यांवर माती आणि शेण लिंपलेली. ती भिंत गुळगुळीत, पण जोर दिला की हलते. काकी म्हणाली, "हळू गं, योगा करता करता बाहेर पडशील." मॅट म्हणून खताची रिकामी गोणी अंथरली. सारवलेल्या जमिनीवर गोणी सरकते. मग आईनेच दोन गोण्यांच्या मध्ये जुनं लुगडं घालून डाव्या हाताने टाके मारले. खताचा वास काही गेला नाही. "आता मी उगवेन," ती म्हणाली.

पहिल्या सकाळी तिची बोटं जिथे पोचली तिथे मी चुलीतल्या कोळशाने रेघ मारली. तिच्या हनुवटीच्या जरा खाली. दुसऱ्या दिवशी रेघ त्याच्या वर. मग आणखी वर. मी शेजारी उभी राहून मोजायचे. एक, दोन, तीन. आई भरभर चढवायची, भरभर उतरायची. वीस होईपर्यंत मी उकळत ठेवलेला चहा उतूही जायचा नाही, एवढ्या पटपट. तिला मी "सावकाश" म्हटलं नाही. का म्हणू? वाडीत तिने आयुष्यभर असंच काम केलंय : ठरलेलं आहे तेवढं उरकायचं, लवकर उरकलं की सुटलो. मला वाटलं ही कामाची बाई आहे, हिला शिकवावं लागत नाही.

दसऱ्यापर्यंत रेघ तिच्या कपाळाला पोचली. मी हे उधव्याच्या बैठकीत सांगितलंसुद्धा. म्हटलं, बघा, माझ्या आईचा हात ना मॅटने वर आला ना फीने. शिस्तीने वर आला. बायकांनी माना डोलावल्या. एकीने विचारलं, "म्हणजे आता बेडणी लागते का वर?" मी म्हटलं, "लागणारच."

लागणारच म्हटलं, पण बघितलं नव्हतं. घरी आल्यावर मी आईला म्हटलं, दाखव, बांबू घेऊन दाखव. ती म्हणाली, "अजून वेळ हाय." मी म्हटलं, दिवाळीला किती दिवस राहिलेत? ती भाताच्या पेंढ्या बघायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेली. मला तेव्हा कळायला हवं होतं. मला वाटलं ती आळस करते आहे. स्वतःच्या आईबद्दल मी हा शब्द मनात आणला.

म्हणून मी दोरी काढली.

महिना अजून झाला नव्हता. पण रेघ तर कपाळाला होती, मग कशाला थांबायचं? विहिरीचा जुना दोर मी चुलीच्या खोलीतल्या आढ्यावरून टाकला. वर्षानुवर्षांची काजळी दोघींच्या डोक्यावर पडली. एक टोक आईच्या उजव्या हाताला फडक्याने बांधलं, दुसरं डाव्या हातात दिलं.

"डाव्याने खाली ओढ, उजवा आपोआप वर जाईल," मी म्हटलं.

आईने दोराकडे बघितलं. विहिरीचा दोर. तिच्या हातात तो कित्येक वर्षं होता, नळ यायच्या आधी रोज. मी मोजायला लागले. एक. तिने ओढला, आणि तिने तो बादली ओढतात तसा ओढला. पूर्ण कमरेचा जोर देऊन, झपकन, एका दमात. दोर हातात आला की दुसरं काही तिच्या अंगाला माहीत नव्हतं. मी अजून "दोन" म्हटलंही नव्हतं.

ती ओरडली नाही. तोंडातून फक्त हवा गेली. मग ती गोणीवर खाली बसली, आणि हात वरच लटकत राहिला, कारण दोर आढ्याला अडकला होता आणि मनगटाला मी बांधलेली गाठ होती. मला ती सुटेना. काकी धावत आली, तिने विळ्याने दोर कापला.

आईचा चेहरा राखेसारखा झाला होता. हात मांडीवर पडला होता आणि ती त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तशी बघत होती. दिवाळी आठ दिवसांवर होती.

"कपाळापर्यंत जात होता ना," मी म्हणत राहिले. "रोज जात होता. मी रेघ मारली ना."

"टाचा," काकी म्हणाली.

"काय टाचा?"

"ती टाचा उचलायची, बाय. तू कोळसा घ्यायला वळलीस की. आणि खांदा वर करायची. तुला दिसत नव्हतं, मला दिसत होतं."

मी आईकडे बघितलं. आईने डोळे मिटले होते. मी विचारलं, का? मला का फसवलंस? मी चिडूनच विचारलं, खरं सांगते. तिचा हात मोडल्यासारखा पडला होता आणि मी जाब विचारत होते. पत्रकातल्यासारखा.

"तू मुकादमासारखी उभी राहतेस," आई म्हणाली. डोळे मिटलेलेच. "रेघ खाली आली असती तर तुझं तोंड बघवलं नसतं. म्हटलं वाडीतला एक मुकादम बास हाय."

मी खांबावरचा कागद काढला. मागच्या बाजूला माझंच जुनं पत्रक होतं, "जाब विचारा" वालं.

डहाणूला परत जायला मला दोन दिवस लागले. जीपला नाही लागत एवढे, मला लागले. माडीवरच्या बाई वर्ग संपवून सतरंज्या झटकत होत्या. मी सांगितलं काय केलं ते. दोर कुठला, तेही सांगितलं. त्या रागावल्या, चांगल्याच रागावल्या, अर्ध्या गुजरातीत.

"मी काय बोलली होती? मोजू नको. महिनाभर दोरीला हात नाय. तू ऐकली?"

"नाही."

"का नाय?"

मी म्हटलं, दिवाळीनंतर तिला झाडाखाली उभं करणार आहेत. पहिल्यांदाच मी त्यांना ते सांगितलं. आधी सांगावंसं वाटलं नव्हतं. फुकट मागणाऱ्याने दुःखही सांगितलं की ती भीक होते असं मला वाटायचं. बाईंनी हातातली सतरंजी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आधी डॉक्टरला दाखव, फाटलं तर नाय ना ते. मग चार दिवस काही नाय करायचं. मग परत भिंत, खालून. श्वास सोडताना चढायचं. आणि बेटा, दिवाळीपर्यंत शेंड्याला हात नाय जाणार. हे मी तुला खोटं नाय सांगणार. तुझ्या आईला सांग."

डॉक्टरने तपासलं. फाटलं नव्हतं. तो मला काही बोलला नाही, आणि ते जास्त लागलं.

आईला मी बाईंचं म्हणणं सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली : श्वास नाकाने घ्यायचा, तोंडाने लांब सोडायचा, पोटातून.

"मला श्वास शिकवतेस?" आई म्हणाली. "तू पोटात होतीस तेव्हापासून मी चूल फुंकतेय." आणि चुलीशेजारची फुंकणी तोंडाला लावून तिने फुंकलं. ओल्या लाकडाला फुंकतात तसं, एकसारखं, लांबलचक, निखारा न विझवता. मी एवढा लांब श्वास कधी सोडलेला नाही. मी करून बघितला तर मध्येच संपला. काकी म्हणाली, "हिचा सगळा भाषणात गेला."

मग आई तशीच करायला लागली. फुंकणीचा श्वास, आणि त्याच्यावर बोटं. भिंतीवर हनुवटीच्या खाली. तिथून एक बोट वर. मग थांबायची. मी मोजायचं बंद केलं होतं पण माझे ओठ हलायचे, काकीने सांगितलं तेव्हा मला कळलं.

दिवाळी झाली. झाडाखाली उभं करायच्या सकाळी मी वाडीत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. कुंपणाच्या आतल्या बाजूला विहिरीपाशी उभी राहिले, झोळीत पत्रकं होती. मी कोण आहे याची बातमी मुकादम ठेवून असतो. त्याने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तो उधव्याकडचा माणूस, शेठशी गुजरातीत बोलतो, बायकांशी मराठीत, आणि वरून झापलं की खाली झापतो.

आदल्या रात्री मी आईला सांगून ठेवलं होतं : काही बोलायचं नाही. बेडणी दोन्ही हातांनी धर, भार डाव्यावर घे, टाचा उचल हव्या तर, एकदा शेंड्याला लागली की झालं. रोजच्या कामाचं मग बघू. लपव. हा माझा सल्ला. जिने चार गावांत "सत्य बोला" लिहिलेले कागद वाटलेत तिचा.

सात-आठ बायका होत्या. एकेकीने बांबू उचलला. पानांत सळसळ व्हायची, आकडा शेंड्याला लागायचा, मुकादम "बस" म्हणायचा. काकीचंही झालं. मग आई. मुकादमाने बांबू तिच्यापुढे केला. मी तिच्या टाचांकडे बघत होते.

आईने बांबू घेतला, आणि घेऊन तो जमिनीला टेकवला.

"मुकादम, हात वर जात नाय," ती म्हणाली. "इथवर जातो." आणि तिने उजवा हात उचलला. सावकाश, सगळ्यांसमोर, तोंडाने लांब हवा सोडत. हनुवटीपर्यंत. टाचा जमिनीवर होत्या. तिथे तिने हात थांबवला.

मुकादमाने इकडेतिकडे बघितलं, जणू यात काही डाव असावा. मग माझ्याकडे बघितलं.

"हे तुझ्या पोरीने शिकवलं का?"

"तिने खोटं बोलायला शिकवलेलं," आई म्हणाली. "मला जमलं नाय."

बायका खुसखुसल्या. मुकादम हसला नाही. "मावशी, मला शेठला रोज भरलेले क्रेट द्यायचे असतात. मी काय सांगू, हनुवटीपर्यंतचे चिकू काढले?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. तुमच्याच झाडांनी खांदा गेला, तुम्हीच उपचार द्यायला पाहिजेत, तीस बहर झाले तिला इथे. मी एक पाऊल पुढे टाकलंही. आईने फक्त बघितलं. मी थांबले. माझ्यासाठी ते फार अवघड होतं, आणि मला अजून ठरवता आलेलं नाही की ते बरोबर होतं की नाही.

बोलली ती काकी. "वरचं मी काढते, खालचं ती हाताने. दोघीत झाड साफ. भाताला सावड करतो ना आम्ही, आज तुझं उद्या माझं? तसंच."

"हे शेत नाय, वाडी हाय."

"मग? चिकूला कळतं काय कुणी काढला?"

"आणि तुझाही खांदा गेला तर?"

"तर तू चढ," काकी म्हणाली. आता बायका मोठ्याने हसल्या. मुकादमाचे कान लाल झाले. त्याने बांबू उचलून पुढच्या बाईच्या हातात दिला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "होळीपर्यंत बघतो. एका झाडालाही उशीर झाला तर दोघी घरी. दोघी, समजलं?"

म्हणजे आधी एकीचं काम टांगणीला होतं, आता दोघींचं. वाटेत मी हे बोलून दाखवलं. काकी म्हणाली, "बाय, तू जिंकलेलं पण हरल्यासारखं सांगतेस." मला ते जिंकणं वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही. ज्या माणसाने एका बाईचं शरीर वापरून संपवलं त्याने तिला होळीपर्यंत मुदत द्यावी, आणि आपण आभार मानावेत! मी संघटनेत हे मांडलं, आणि आम्ही वाडीच्या बायकांच्या खांद्यांवर पत्रक काढायचं ठरवलं. मागण्या मी लिहिल्या. आईला वाचून दाखवल्या. तिने चिकाने काळी झालेली बोटं चोळत ऐकून घेतल्या.

"हे बरोबर हाय," ती म्हणाली. "पण वरती घाल, दुखेल तिथं थांबा."

"आई, पत्रकात 'थांबा' नाही लिहीत. मागे हटल्यासारखं वाटतं."

"मग नको वाटूस माझ्या वाडीत."

त्यावरून संघटनेत दोन बैठका वाद झाला. एक सहकारी म्हणाला, ही मागणी नाही, हा वैद्यकीय सल्ला आहे. मी म्हटलं, मुकादमासमोर थांबून बघ, मग सांग मागणी आहे की नाही. ती ओळ छापली. पहिली नाही, तिसरी. आईला मी अजून सांगितलेलं नाही की तिसरी.

आता बहर भरात आहे. होळी यायची आहे. दोघी जावा अंधार फिटायच्या आत निघतात, एका झाडाखाली एक वर बघत, एक समोर बघत. आजवर एका झाडाला उशीर झालेला नाही, पण काकी आता रात्री आपली मान शेकते, आणि ते मला दिसतं. परवापासून मी तिलाही भिंतीपाशी उभी केली. गोणी एकच आहे, ती दोघी वाटून घेतात.

कोळशाच्या जुन्या रेघा आईने शेणाने लिंपून टाकल्या. आता एकच रेघ असते, तीच मारते, आणि वाटलं तर पुसून खालीही मारते. नाकापर्यंत आली होती, थंडी वाढली तशी ओठापर्यंत उतरली, या आठवड्यात परत नाकाला आहे. केस अजून काकीच विंचरते.

सकाळी ती भिंतीशी गेली की मी चुलीकडे तोंड करून बसते. फुंकणीसारखा तिचा श्वास मागून ऐकू येतो. बोटं मातीवर सरकल्याचा आवाज येतो. मग थांबतो. मी वळत नाही.